सरवा आणि वतन : नवाहो लोकांतील बेघर तरुणांविषयीं एक अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय २ व ४, दानीएल, अध्याय १.
मुखपाठासाठीं : लेवीय २५:३५.
पाठाचा हेतु : निराधार तरुणास भाकर मिळवून देतांना त्याचे आप्त, त्याची भाषा व त्याचें वतन त्याच्यापासून तुटूं न देणें हेंच खरें साहाय्य होय, हें समजून घेणें.

प्रवेश

रूथेची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. दुष्काळामुळें घर सोडून गेलेलें कुटुंब, परदेशीं आलेलें वैधव्य, रिकाम्या हातांनीं बेथलेहेमास परतलेली नामी, आणि तिची पाठ न सोडणारी मवाबी सून. या दोघी विधवांस कर्ता पुरुष नाहीं, पिकतें शेत नाहीं, उद्यांच्या भाकरीची शाश्वती नाहीं. रूथ जवाच्या कापणींत सरवा वेंचावयास जाते आणि सायंकाळीं सुमारें एफाभर जव घेऊन घरीं येते. गोष्ट येथेंच संपली असती, तर आपण म्हटलें असतें कीं गरिबाचें पोट भरलें, काम झालें. परंतु पवित्र शास्त्र येथें थांबत नाहीं. चवथ्या अध्यायांत बवाज वेशींत दहा वडिलांस बसवून घेतो, एलीमलेखाचें शेत सोडवितो, आणि मृताचें नांव त्याच्या वतनांत कायम राहील अशी व्यवस्था करितो. दुसऱ्या अध्यायांत सरवा आहे. चवथ्यांत वतन आहे. सरव्यावांचून मनुष्य उपाशी मरतो. वतनावांचून तो पोट भरलेलें असूनही अनोळखी व उपरा होऊन राहतो.

हाच विचार हातीं धरून आज आपण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नवाहो नांवाच्या मूळ रहिवाशांकडे पाहूं. हे लोक आपणांस दूरचे वाटतील; पण ज्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस येऊन मराठी लोकांत काम करूं लागले, त्याच बोर्डानें १८१७ सालीं आपल्या देशांतील चेरोकी लोकांसाठीं ब्रेनर्ड येथें शाळा काढिली. नवाहोंमध्यें पुढें प्रेस्बिटेरियन, ख्रिश्चन रिफॉर्म्ड, मेथॉडिस्ट इत्यादि मंडळ्यांनीं सेवा केली. ज्यांच्या हातून आम्हांस शुभवर्तमान मिळालें, त्यांच्या स्वतःच्या अंगणांत काय घडलें, हें जाणणें आपणांस उचित आहे. त्यांत शिकण्यासारखें आहे व सावध होण्यासारखेंही आहे.

१. हे लोक कोण?

नवाहो हें नांव त्यांस परक्यांनीं दिलें. ते स्वतःस ‘दिने’ म्हणजे ‘लोक’ म्हणवितात. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा या तीन संस्थानांत पसरलेला त्यांचा राखीव प्रदेश सुमारें २७,००० चौरस मैलांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित् कमी आहे. विंडो रॉक ही त्यांची राजधानी. त्यांचा अध्यक्ष, चोवीस सभासदांचें मंडळ व न्यायालयें त्यांचीं स्वतःचीं आहेत. नोंदलेले नवाहो जवळजवळ चार लाख आहेत, परंतु त्यांतले निम्म्याहून कमी या प्रदेशांत राहतात. जमीन उंच, कोरडी व तांबड्या खडकांची आहे. मका आणि मेंढरें यांवर पूर्वजांचा संसार चालत असे. त्यांच्या जुन्या घरास ‘होगान’ म्हणतात. त्याचें दार पूर्वेस असतें.

या लोकांच्या जीवनाचा कणा म्हणजे ‘के’. या लहानशा शब्दांत नातेंगोतें, परस्परांचें ऋण आणि परस्परांचा आधार हीं सर्व येतात. मूल आईच्या कुळांत जन्मतें आणि बापाच्या कुळासाठीं जन्मतें. त्याखेरीज आईच्या बापाचें व बापाच्या बापाचें अशीं आणखी दोन कुळें तें सांगतें. दोन अनोळखी नवाहो भेटले म्हणजे प्रथम आपापलीं चार कुळें सांगतात, आणि त्यांवरून कोणी कोणाचा भाऊ, कोणी कोणाची आई, कोणी कोणाचा आजा ठरतो. आपल्या खेड्यांत पाहुण्यास गांव व आडनांव विचारून सोयरसंबंध शोधून काढितात, तशांतलाच हा प्रकार; पण त्यांच्यांत तो कर्तव्याचा पाया आहे. कोणाची मोठी निंदा करावयाची झाली, तर हा जणूं आप्तच नसल्यासारखा वागतो असें ते म्हणतात. अशा लोकांत एखादें लेकरूं बेघर व्हावें हें मुळीं घडूंच नये. तरी तें घडत आहे. कां घडलें, हें पाहूं.

२. वतन गेलें, परत मिळालें, पुन्हां आखडलें

१८६३ व १८६४ या सालीं अमेरिकन सैन्यानें किट कार्सन याच्या हाताखालीं नवाहोंचीं मक्याचीं शेतें जाळिलीं, मेंढरें मारिलीं आणि फळझाडें तोडिलीं. उपासमारीनें शरण आलेल्या लोकांस तीनशें मैलांहून अधिक पायीं चालवीत बॉस्क रिडोंडो येथें नेण्यांत आलें. म्हातारे, गरोदर बाया व मुलें वाटेंतच पडलीं. तेथें आठ हजारांहून अधिक लोक कोंडलेले होते. पाणी खारें, पिकें किडीनें खाल्लेलीं, सरपणाची वाण, रोगांची साथ. शेवटीं १ जून १८६८ रोजीं तह झाला. बार्बोन्सिटो, मॅन्युएलिटो इत्यादि नायकांनीं दुसरी कोणतीहि जमीन न घेतां आपल्याच डोंगरांमध्यें परत जाण्याचा आग्रह धरिला, आणि तो मान्य झाला. त्याच तहांत सरकारनें १५,००० मेंढ्या व शेळ्या देण्याचें कबूल केलें. हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वतन व चरितार्थाचें साधन हीं दोन्ही एकाच वेळीं मिळालीं, आणि म्हणून मोडलेले लोक पुन्हां उभे राहिले.

परंतु पुढें तें वतन आंतून आखडत गेलें. १९३० नंतरच्या दहा वर्षांत जमिनीची धूप थांबविण्याच्या हेतूनें सरकारनें मेंढरांची संख्या सक्तीनें घटविली; पुष्कळ जनावरें मालकांच्या डोळ्यांदेखत मारण्यांत आलीं. नवाहोंत मेंढरें बहुधा स्त्रियांच्या मालकीचीं असत. त्यामुळें घरोघरच्या आजीचें स्वतंत्र उत्पन्न एका तडाख्यांत गेलें. नंतर १९६६ सालीं, शेजारच्या होपी लोकांशीं चाललेल्या जमिनीच्या तंट्यामुळें, सुमारें १५ लक्ष एकरांच्या टापूंत घरें बांधण्यास व दुरुस्त करण्यास सरकारनें बंदी घातली. ती २००९ सालीं उठली. म्हणजे त्रेचाळीस वर्षें लेंकाचें लग्न झालें तरी नवी खोली काढतां येईना, छप्पर गळलें तरी तें नीट शाकारतां येईना. मुलें वाढलीं, घरें वाढलीं नाहींत.

याखेरीज एक कायमची अडचण आहे. राखीव प्रदेशांतील बहुतेक जमीन सरकारनें या लोकांसाठीं विश्वस्त म्हणून धारण केलेली आहे. त्यामुळें ती परक्यांच्या घशांत जात नाहीं, हा मोठा लाभ. पण ती गहाण ठेवतां येत नाहीं, म्हणून घर बांधण्यास साधें कर्ज मिळणेंही दुर्घट होतें. घराच्या जागेचा पट्टा मिळविण्यास मोजणी, चराईचा हक्क असणाऱ्या शेजाऱ्यांची संमति आणि अनेक कचेऱ्यांच्या सह्या लागतात. आजहि तेथील सुमारें तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळाचें पाणी नाहीं. लोक गाड्यांवर पिपें ठेवून मैलोगणती पाणी आणितात.

३. बाबेलची शाळा

दानीएलाच्या पहिल्या अध्यायांत राजा यहूदाच्या निवडक तरुणांस बाबेलांत आणितो. त्यांस तो मारीत नाहीं. तो त्यांस आपल्या पंक्तीचें अन्न देतो, खास्द्यांची भाषा व विद्या शिकवितो, आणि त्यांचीं नांवें बदलतो. बाहेरून पाहिलें तर ही केवळ कृपाच. पण तिचा हेतु असा कीं त्या तरुणांनीं आपण कोण होतों हें विसरावें.

अमेरिकेंत मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं अशाच शाळा निघाल्या. १८७९ सालीं पेनसिल्व्हेनियांत कार्लाइल येथें निघालेली शाळा त्यांचा नमुना ठरली. मुलांचे केस कापीत, नांवें बदलीत, स्वभाषेंत बोलल्यास शिक्षा करीत. तहावर सही करणारा मॅन्युएलिटो शिक्षणाचा मोठा पुरस्कर्ता होता. त्यानें आपले मुलगे कार्लाइलास धाडिले आणि मुलगा आजारानें गमावल्याचें दुःख त्याच्या वांट्यास आलें. सरकारच्या २०२४ सालच्या अहवालांत अशा ४१७ शाळांची नोंद आहे, आणि त्यांत मरण पावलेलीं निदान ९७३ मुलें मोजलीं गेलीं आहेत. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं या गोष्टीबद्दल जाहीर क्षमा मागितली. यांपैकीं पुष्कळ शाळा मिशनांनीं चालविल्या होत्या, हें आपण झांकूं नये. शिकविणाऱ्यांत प्रेमळ माणसें होतीं. पण लेंकराला आईपासून तोडल्याशिवाय त्याचें कल्याण होत नाहीं हा समज प्रेमासही वांकडें वळण लावितो.

या ठिकाणीं देवानें मनुष्याच्या शहाणपणास कसें लाजविलें तेंही पाहा. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यास शत्रूला न उमगणारी सांकेतिक भाषा हवी होती. फिलिप जॉन्स्टन हा मिशनरीचा मुलगा नवाहोंत वाढलेला होता. त्यानें नवाहो भाषा सुचविली. १९४२ सालीं २९ नवाहो जवानांनीं त्या भाषेवरून संकेत तयार केले. पुढें सुमारें चारशें जणांनीं ते वापरले, आणि जपानी सैन्यास ते उकलले नाहींत. त्या पहिल्या एकोणतीसांतील चेस्टर नेझ यांनीं सांगून ठेविलें आहे, कीं लहानपणीं शाळेंत नवाहो बोलल्याबद्दल त्यांचें तोंड साबणानें धुण्यांत आलें होतें. जें धुवून टाकावयाचें म्हणून ठरलें होतें, तेंच राष्ट्राच्या कामीं आलें.

४. आजचा बेघर तरुण

बेघर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रस्त्याच्या कडेस झोंपलेला मनुष्य येतो. नवाहो प्रदेशांत बेघर तरुण बहुधा असा दिसत नाहीं. तो चुलत भावाच्या जमिनीवर अंथरूण टाकून झोंपतो, महिन्यानें मावशीकडे जातो, मग मित्राच्या मोटारींत रात्र काढितो. एका लहान घरांत दोन-तीन कुटुंबें दाटीनें राहतात. आप्त त्याला हांकून देत नाहींत, पण घर सर्वांस पुरत नाहीं. १९८७ च्या अमेरिकन कायद्यानें शाळेंत जाणारीं अशीं मुलेंही बेघर मानिलीं आहेत, व तें योग्यच आहे.

जेव्हां हेंही छत्र सुटतें, तेव्हां तो गॅलप, फार्मिंग्टन, फ्लॅगस्टाफ अशा सीमेवरील शहरांकडे जातो. नवाहो प्रदेशांत दारूबंदी आहे; या शहरांत दारू मिळते, आणि तेथील हिंवाळा कडक असतो. काम मागावयास गेल्यास जन्माचा दाखला व ओळखपत्र हवें. तें घर बदलतां बदलतां कोठें तरी गहाळ झालेलें असतें. पत्ता विचारतात, तर आजीच्या घरास रस्ता नाहीं आणि घरास क्रमांक नाहीं. काम पन्नास मैलांवर असतें, आणि त्याच्याकडे वाहन नसतें. आळशीपणाचा दोष देण्यापूर्वीं या तीन कड्या मोजाव्या : कागद, पत्ता, वाहन. पहिलीवांचून दुसरी जुळत नाहीं.

अलीकडच्या कांहीं घटनांनीं हें संकट वाढविलें. २०१९ सालीं पेज गांवाजवळचें मोठें वीजकेंद्र व त्यास कोळसा पुरविणारी खाण बंद झाली. शेंकडों कुटुंबांचे बरे पगार गेले. २०२० सालीं करोनाची साथ आली. मे महिन्यांत लोकसंख्येच्या मानानें नवाहो प्रदेशांतील लागण न्यूयॉर्क संस्थानाच्याही पुढें गेली. अनेक घरांतील आजी-आजोबा गेले, आणि पुष्कळदां घर त्यांच्याच आधारावर उभें होतें. २०२३ सालीं अ‍ॅरिझोनांत असें उघडकीस आलें, कीं व्यसनमुक्तीच्या नांवाखालीं कित्येक ठकांनीं मूळ रहिवाशांस राखीव प्रदेशांतून फूस लावून फीनिक्स शहरांत नेलें आणि त्यांच्या नांवावर सरकारी पैसा उपटिला. सरकारनें पैसा थांबवितांच हीं गृहें बंद पडलीं व माणसें रस्त्यावर आलीं. त्यांस शोधून घरीं आणण्यासाठीं नवाहो सरकारास स्वतंत्र मोहीम काढावी लागली. ही गोष्ट या पाठाचें सारच सांगते. आप्तांपासून दूर नेलेला तरुण साहाय्याच्या नांवाखालींही सहज लुटला जातो.

५. साहाय्याच्या तीन वाटा

बवाजानें रूथेस तीन गोष्टी दिल्या : सुरक्षितता, काम, आणि आप्तांत स्थान. त्यानें गड्यांस तिला त्रास न देण्याची ताकीद केली, मुद्दाम कणसें टाकण्यास सांगितलें, आणि शेवटीं नातलगाचें कर्तव्य बजाविलें. नवाहोंमध्यें जें साहाय्य फळास आलें आहे, त्यांतही याच गोष्टी आढळतात.

पहिली वाट, छप्पर आप्तांमध्यें. १९६९ व १९७४ च्या पाहण्यांत असें दिसलें, कीं अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या शंभर मुलांपैकीं पंचवीस ते पस्तीस मुलें आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवलेलीं होतीं. म्हणून १९७८ सालीं कायदा झाला, कीं असें मूल प्रथम आप्तांकडे, नंतर स्वजातीच्या दुसऱ्या घरीं द्यावें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा कायम ठेविला. त्या खटल्यांत नवाहो राष्ट्र स्वतः उभें होतें. वयांत आलेल्या तरुणासही हेंच तत्त्व लागू करावें. दूरच्या शहरांत खाट देण्याआधीं त्याच्या मावशीच्या घरास एक खोली वाढवून देतां येईल काय, हें पाहावें. जेथें घरांतच दारू व मारहाण आहे, तेथें मात्र वेगळें आश्रयस्थान पाहिजेच. नात्याच्या नांवाखालीं कोणास धोक्यांत लोटूं नये.

दुसरी वाट, हाताला विद्या, आणि तीही आपल्या भूमीवर. १९६६ सालीं रफ रॉक येथें नवाहो पालकांच्या देखरेखीखालीं शाळा निघाली व तेथें मुलांस नवाहो भाषाही शिकविण्यांत येऊं लागली. १९६८ सालीं नवाहोंनीं स्वतःचें महाविद्यालय स्थापिलें. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांच्या राष्ट्रानें चालविलेलें तें पहिलेंच. आज तें दिने कॉलेज या नांवानें सेली येथें चालतें. क्राउनपॉइंट येथें १९७९ सालीं एक लहानशी उद्योगशाळा निघाली. ती २०१३ सालीं विद्यापीठ झाली. सुतारकाम, विजेचें काम, धातू सांधण्याचें काम असे धंदे तेथें शिकवितात. येथें एक विचार करण्यासारखा आहे. ज्या उणिवांमुळें तरुण बेघर झाला, त्याच उणिवा त्याचा धंदा होऊं शकतात. हजारों घरांस वीज नाहीं, म्हणून तारा ओढणारे हवेत. नळ नाहींत, म्हणून नळकाम करणारे हवेत. घरें थोडीं, म्हणून गवंडी व सुतार हवेत. स्वतःच्या आजीच्या घरीं दिवा लावून मजुरी मिळविणारा तरुण दोन घरें उभारतो.

मिशनाच्या चांगल्या कामाचाही येथें उल्लेख केला पाहिजे. गनाडो येथील प्रेस्बिटेरियन मिशनाच्या सेज मेमोरियल इस्पितळानें १९३० सालीं मूळ रहिवाशांच्या मुलींसाठीं परिचारिकांची शाळा काढिली. अशा मुलींस हें काम जमणार नाहीं असें त्या काळीं अनेकांस वाटे. १९३३ सालीं पहिल्या दोघी उत्तीर्ण झाल्या, त्यांत एक नवाहो व एक चेरोकी होती. ती शाळा १९५१ पर्यंत चालली. तिनें मुलींस कमावतें केलें, आणि आपल्याच लोकांत सेवा करण्याची वाट त्यांस मोकळी केली.

तिसरी वाट, वडिलोपार्जित कसबास रास्त मोल. नवाहो स्त्रिया उभ्या मागावर लोंकरीच्या सतरंज्या विणतात. लोंकर कातरणें, पिंजणें, चातीवर सूत काढणें, रंगविणें, विणणें ही सर्व मेहनत एका घरांत होते, आणि एका मोठ्या सतरंजीस कित्येक महिने लागतात. पूर्वीं ती व्यापाऱ्याच्या दुकानीं किराण्याच्या बदल्यांत जाई. १९६८ सालीं क्राउनपॉइंट येथें विणकरांचा लिलाव सुरू झाला. त्यांत गिऱ्हाईक व विणकर समोरासमोर आले. ज्या चुरो जातीच्या मेंढरांची लोंकर या कामास उत्तम, ती जात जवळजवळ नाहींशी झाली होती. १९७७ सालीं लाइल मॅकनील या पशुशास्त्रज्ञानें तिचे उरलेसुरले कळप शोधून ती पुन्हां वाढविण्यास आरंभ केला. १९९० च्या कायद्यानें बनावट माल मूळ रहिवाशांच्या हातचा म्हणून विकणें हा गुन्हा ठरला आहे. तरी हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे, कीं केवळ सतरंजीवर प्रत्येक तरुणाचा संसार चालणार नाहीं. कसब हें उत्पन्नाचें एक अंग असावें. नोकरी, शेत, मेंढरें व माग यांपैकीं एक बुडालें तर दुसऱ्यानें तारावें, हीच कोरड्या प्रदेशांतील जुनी शहाणी रीत आहे.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, कीं उपाशी मनुष्यास प्रथम भाकर द्या. भाषा व रीतिभाती या पोटभरल्यांच्या गोष्टी होत. हा आक्षेप दयाळू मनांतून येतो, पण तो अनुभवास उतरत नाहीं. गरिबाच्या घरीं विम्याचे कागद नसतात. त्याचे आप्त हाच त्याचा विमा. नोकरी सुटली म्हणजे अंथरुणापुरती जागा तेच देतात. भाषेचेंही तसेंच. अ‍ॅनी वॉनेका ही नवाहो बाई १९५१ सालीं राष्ट्रमंडळावर निवडून आली. क्षयरोगाविरुद्ध तिनें मोठें काम केलें. रोगजंतु, क्षकिरण इत्यादि गोष्टी नवाहो भाषेंत कशा सांगाव्या याचे शब्द तिनें तयार करविले, तेव्हां म्हातारीं माणसें इस्पितळांत राहावयास तयार झालीं. दोन भाषा जाणणारा तरुण दवाखान्यांत, शाळेंत व न्यायालयांत हवाच असतो. मूळ तोडलें म्हणजे फळ लवकर येतें असें नाहीं.

दुसरा आक्षेप ख्रिस्ती मनाचा आहे. जुने संस्कार राखण्यांत जुनी उपासनाही राखली जाणार नाहीं काय? या प्रश्नावर नवाहो ख्रिस्ती लोकांतही एकमत नाहीं. कोणी जुन्या विधींपासून अगदीं दूर राहतात. कोणी त्यांतील कुटुंबाचा व शीलाचा भाग ठेवितात. हा निर्णय त्यांनीं प्रार्थनापूर्वक करावा. बाहेरच्यानें त्यांच्या वतीनें करूं नये. प्रेषितांचीं कृत्यें यांच्या पंधराव्या अध्यायांत यरुशलेमच्या मंडळीनें परराष्ट्रीयांवर यहूदी होण्याचें जूं लादलें नाहीं, परंतु मूर्तिपूजा व जारकर्म यांपासून दूर राहण्यास मात्र सांगितलें. भाषा, कुळ, माग, मेंढरूं, पूर्वेस दार असलेलें घर, या मूर्ति नव्हेत. नवाहो भाषेंत नवा करार १९५६ सालीं व संपूर्ण पवित्र शास्त्र १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. त्या भाषांतरांत फे एजर्टन या मिशनरी बाईबरोबर जेरोनिमो मार्टिन हा आंधळा नवाहो बंधु कित्येक वर्षें श्रमला. जी भाषा देवाचें वचन वाहण्यास योग्य ठरली, ती लेंकरांच्या तोंडून काढून टाकण्यास योग्य कशी असेल?

कोणी म्हणेल, रूथेनें तर आपले लोक सोडिले. होय, पण प्रेमानें, स्वतःच्या मुखानें, कोणाच्या सक्तीनें नव्हे. आणि बेथलेहेमांत आल्यावरही शास्त्र तिला पुनःपुन्हां ‘मवाबी’ म्हणतें. तिचें मूळ पुसून टाकण्याची देवाला गरज वाटली नाहीं. त्यानें तें आपल्या पुत्राच्या वंशावळींत लिहून ठेविलें.

७. आपल्या मंडळ्यांस उपयोग

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळांत अमेरिकेंत फिरल्या आणि तेथील बंधुभगिनींच्या साहाय्यानें त्यांनीं आपलें कार्य उभारिलें. केडगांवच्या मुक्ति सदनांत दुष्काळपीडित मुलींस विणकाम, छापखाना इत्यादि धंदे शिकविले, आणि त्या मुलींच्याच हातून मराठी पवित्र शास्त्र छापून घेतलें. भाकर व भाषा एकाच छताखालीं नांदूं शकतात, हें आपण आपल्या घरींच पाहिलेलें आहे.

तेव्हां आपल्या खेड्यांतील एखादा निराधार तरुण मंडळीच्या दारीं आला, तर पंचांनीं तीन प्रश्न विचारावे. याचे आप्त कोण, आणि त्यांस थोडा हात दिला तर हा त्यांच्यांत राहूं शकेल काय? याच्या हाताला कोणतें काम येईल कीं ज्यानें पुढच्या वर्षीं यास आपल्याकडे मागावें लागणार नाहीं? आणि आपल्या साहाय्याच्या बदल्यांत आपण याच्याकडून याचें नांव, बोली किंवा मान तर मागत नाहीं ना? जवळच्या नातलगानें, आपल्या वतनास धक्का लागेल म्हणून, नामीचें शेत सोडविलें नाहीं. शास्त्रांत त्याचें नांवसुद्धां नाहीं. बवाजानें खर्च सोसला, आणि त्याच्या दारीं ओबेद खेळला.

चर्चेसाठीं प्रश्न

१. बवाजानें रूथेस धान्याच्या राशी घरीं न पाठवितां शेतांत वेंचूं कां दिलें?
२. दानीएल व त्याचे सोबती यांनीं बाबेलची विद्या घेतली, पण काय घेतलें नाहीं? आजच्या तरुणानें काय घ्यावें व काय राखावें?
३. १८६८ च्या तहांत जमीन मिळाली असती पण मेंढरें मिळालीं नसतीं, किंवा मेंढरें मिळून जमीन मिळाली नसती, तर काय झालें असतें?
४. कागद, पत्ता व वाहन या तीन कड्यांपैकीं आपली मंडळी आपल्या गांवच्या तरुणास कोणती जोडून देऊं शकेल?

प्रार्थनेचे विषय

नवाहो प्रदेशांतील बेघर तरुणांसाठीं, विशेषतः शहरांत हिंवाळा काढणाऱ्यांसाठीं. नातवंडांस आसरा देणाऱ्या तेथील आजींसाठीं. नवाहो भाषेंत देवाची उपासना करणाऱ्या मंडळ्यांसाठीं. आणि आपल्या गांवांतून कामासाठीं बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलामुलीसाठीं, त्यांस सरवाही मिळावा व त्यांचें वतनही राहावें म्हणून.